शब्दाचा ठाव: उलट्या सूचीची गोष्ट

वाचक माउली, आपल्या देव्हाऱ्याजवळची तुकोबारायांची गाथा एकदा शेवटून उघडून पाहा. छापील गाथेच्या अखेरीस बहुधा अकारविल्हे सूची असते. तिच्यात अभंगाचे पहिले शब्द दिलेले असतात आणि पुढे अभंगाचा क्रमांक. अभंगाची सुरुवात आठवत असेल तर ही सूची आपल्याला थेट त्या अभंगापाशी नेऊन उभी करते. पण आठवला तो मधल्या चरणातला एखादाच शब्द असेल तर? मग सूची गप्प बसते. चार हजारांहून अधिक अभंगांची गाथा पहिल्या पानापासून चाळायची, नाहीतर पाठांतर असलेल्या एखाद्या बुवांना विचारायचे, हे दोनच मार्ग उरतात.

बुवा मात्र क्षणात सांगतात. कीर्तनात एखादा शब्द निघाला की त्याच शब्दाचे प्रमाण नामदेवरायांकडून, नाथबाबांकडून, तुकोबांकडून ओळीने येऊ लागते. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे आणि तिच्या वाटेने चालणाऱ्या इतर ठिकाणी मुले गाथा आणि ज्ञानेश्वरी मुखोद्गत करतात. गंमत अशी की पाठांतर होते ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दाकडे, आणि कीर्तनात उपयोगी पडते ते उलट दिशेने, म्हणजे शब्दाकडून अभंगाकडे. हा उलटा प्रवास मनात कसा घडतो ते बुवांनाही सांगता येत नाही. पण हाच प्रवास कागदावर आणि पुढे यंत्रात कसा उतरला, याला सुमारे आठशे वर्षांचा इतिहास आहे. आज मोबाइलवर आपण एक शब्द लिहितो आणि तो जिथे जिथे आला ती ठिकाणे समोर येतात, त्याच्या मुळाशी हीच ‘उलटी सूची’ आहे.

आधी आपल्याकडचे पाहू. वेदांच्या अनुक्रमण्या फार जुन्या आहेत. कात्यायनांच्या नावे असलेल्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे सुरुवातीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद दिलेले आहेत. सुरुवातीच्या शब्दांना ‘प्रतीक’ म्हणत. आपल्या गाथेमागची सूची ही त्या प्रतीकसूचीचीच लेक म्हणायची. आणखी एक काम आपल्या पूर्वजांनी करून ठेवले होते. संहितापाठात संधीमुळे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात. शाकल्यांच्या पदपाठाने ऋग्वेदातले एकेक पद सुटे केले. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे ठरल्याशिवाय शब्दाची सूची होऊच शकत नाही. आपल्या जुन्या मराठी पोथ्याही शब्दांत जागा न सोडता सलग लिहिलेल्या असत. त्या वाचताना पदे सुटी करण्याचे काम वाचणाऱ्याच्या जिभेवर असे.

दुसरी पूर्वअट म्हणजे पाठ स्थिर असणे. एकाच ओवीचे चार प्रतींत चार पाठ असतील तर सूची कोणत्या शब्दाची करायची? ज्ञानोबा माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला भावार्थदीपिका सांगितली. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांमागून नकला होत तिच्यात अपपाठ शिरले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून पाहून ती शुद्ध केली. आज आपण ‘अध्याय अमुक, ओवी तमुक’ असे बोट ठेवून सांगतो, त्या बोटाखाली नाथांची पाठशुद्धी आहे.

आता माउली, थोडे दूर, फ्रान्स देशात चला. काळ माउलींच्याच शतकाचा, त्यांच्या आधी दोन पिढ्या. पॅरिसमध्ये डोमिनिकन नावाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. गावोगाव फिरून प्रवचन करणे हेच त्यांचे व्रत. प्रवचनकाराला प्रमाण लागते आणि ते वेळेवर सापडावे लागते. म्हणून १२३० च्या दशकात ह्यूग या पंडित साधूच्या देखरेखीखाली त्यांनी लॅटिन बायबलातल्या शब्दांची सूची करायला घेतली. पाचशे साधू या कामाला लागले होते असे परंपरा सांगते. खरा आकडा कितीही असो, काम एकट्याचे नव्हते हे उघड आहे. त्या काळी बायबलाचे अध्याय पाडलेले होते, पण वचनांना क्रमांक नव्हते. तेव्हा त्यांनी युक्ती केली. प्रत्येक अध्यायाचे मनाने सात भाग कल्पिले आणि त्यांना वर्णमालेतली पहिली सात अक्षरे दिली. मग एखाद्या शब्दापुढे ग्रंथाचे नाव, अध्यायाचा आकडा आणि ते अक्षर एवढेच लिहिले की शोधणाऱ्याला जागा कळे.

पण सूची वापरात आली तशी अडचण कळू लागली. शब्दापुढे नुसते ठिकाण होते, भोवतीचे वाक्य नव्हते. एकाच शब्दाची शंभर ठिकाणे असतील तर शंभर वेळा पोथी उघडा! म्हणून काही इंग्रज साधूंनी दुसरी सूची केली आणि तिच्यात प्रत्येक ठिकाणाचे मोठे उतारे घातले. ती इतकी फुगली की वापरायला जड झाली. मग तेराव्या शतकाच्या अखेरीस तिसरी आली, बेताची. शब्दाभोवतीचे चारसहा शब्द देणारी. पंढरीच्या वाटेवर जसे सामान, तसे सूचीत संदर्भ. अगदीच नसून भागत नाही आणि फार झाले तर चालवत नाही.

याहून खोल गोष्ट पुढे आहे. या पहिल्या सूचीकारांनी बारीकसारीक अव्यये गाळली होती. ‘मध्ये’, ‘पासून’, ‘वाचून’ असले शब्द कोण शोधणार, असा त्यांचा हिशेब. दोनशे वर्षांनी, १४३५ च्या सुमारास, रागूसाच्या जॉन नावाच्या डोमिनिकन पंडिताला धर्मचर्चेच्या वादात नेमके ‘वाचून’, ‘पासून’, ‘द्वारा’ अशा अर्थाच्या तीन लहान लॅटिन शब्दांचे बायबलातले सगळे उपयोग हवे झाले. सूचीत ते नव्हतेच! मोठमोठ्या नामांवर सगळ्यांचे एकमत होते. वाद अडला होता तो अव्ययावर. मग त्यांनी गाळलेल्या अव्ययांची स्वतंत्र सूची सुरू केली, ती पुढे इतरांनी पुरी केली आणि १४९६ साली बासेलला मोठ्या सूचीची पुरवणी म्हणून ती छापली गेली.

आपल्याकडे संस्कृत ग्रंथांच्या अशा सूच्या छापखान्याच्या युगात झाल्या. कर्नल जी. ए. जेकब यांचा प्रमुख उपनिषदे आणि भगवद्गीता यांचा वाक्यकोश १८९१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी त्या वेळेपर्यंत छापल्या गेलेल्या वैदिक वाङ्मयातल्या प्रत्येक चरणाची सूची १९०६ मध्ये अमेरिकेतून काढली. यांपैकी एकाही कामामागे यंत्र नव्हते. कागदाच्या चिठ्ठ्या, त्यांचे ढीग आणि ते लावणारे हात, एवढाच सरंजाम.

यंत्र आले ते पुन्हा एका लहान अव्ययासाठी. इटलीतले जेझुइट साधू रॉबेर्तो बुसा हे संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथांत ‘सन्निधता’ ही कल्पना कशी येते याचा अभ्यास करीत होते. त्यांच्या लक्षात आले की ‘सन्निध’ या अर्थाचा मोठा शब्द शोधून फारसे हाती लागत नाही. थॉमसांचा विचार लपला आहे तो ‘मध्ये’ अशा अर्थाच्या ‘इन’ या चिमुकल्या शब्दात. त्यांनी त्या शब्दाच्या उपयोगांच्या दहा हजार चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. मग मनात आले, एका शब्दाला दहा हजार, तर सगळ्या शब्दांना किती? १९४९ साली ते न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि कंपनीने मदत देऊ केली. पुढे तीस वर्षे हे काम चालले. आधी भोके पाडलेली कार्डे, प्रत्येक शब्दाला एक कार्ड. मग चुंबकीय फिती आणि संगणक. सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची ही सूची १९७४ पासून छापली जाऊ लागली आणि तिचे ५६ खंड झाले.

त्या कार्डांवर भोके पाडणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. इटलीतल्या गल्लाराते गावी त्यांना हे काम शिकवले गेले. लॅटिन न येणाऱ्या मुलींनी एकेक अक्षर न चुकता उतरवले. सूची जगभर बुसांच्या नावाने ओळखली जाते; या मुलींची नावे कित्येक दशके कुणी विचारली नाहीत. अलीकडे अभ्यासकांनी त्यांतल्या काहींना शोधून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. माउली, इथे आपल्या ज्ञानेश्वरीचा शेवट आठवावा. ग्रंथ सांगून झाल्यावर शेवटच्या ओव्यांत तो लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा आदराने उल्लेख आहे. सांगणाऱ्याबरोबर लिहिणाऱ्याचे नावही सातशे वर्षे पोथीत टिकले आहे.

आता ही उलटी सूची संगणकात होते कशी, ते पाहू. घरात कुणी नात-नातू प्रोग्रॅमिंग शिकत असेल तर त्यांना जवळ बसवा. काम पंधरा-वीस ओळींच्या प्रोग्रॅमचे आहे. समजा, आपल्याकडे तीनच वाक्ये आहेत. पहिले: वारकरी पंढरीला निघाला. दुसरे: वारकरी चंद्रभागेत न्हाला. तिसरे: चंद्रभागा पंढरीला वळली. पोथी म्हणजे वाक्याकडून शब्दाकडे जाणारी वाट: पहिल्या वाक्यात कोणते शब्द, दुसऱ्यात कोणते. आपल्याला ही वाट उलटी करायची आहे. प्रोग्रॅम रिकाम्या कप्प्यांचे कपाट घेऊन बसतो. पहिले वाक्य उचलतो आणि मोकळ्या जागा पाहून शब्द सुटे करतो. हा त्याचा पदपाठ. ‘वारकरी’ या शब्दाचा कप्पा आहे का? नाही. मग नवा कप्पा करून त्यात १ हा आकडा टाकतो. असे प्रत्येक शब्दाचे करत तिसऱ्या वाक्याच्या शेवटी पोचतो. नऊ शब्द वाचले गेले, कप्पे झाले सात. ‘वारकरी’च्या कप्प्यात १ आणि २, ‘पंढरीला’च्या कप्प्यात १ आणि ३, बाकीच्यांत एकेक आकडा. झाली उलटी सूची.

‘वारकरी’ आणि ‘पंढरीला’ हे दोन्ही शब्द असलेले वाक्य कोणते? आता वाक्ये वाचायचीच नाहीत. दोन कप्प्यांतल्या आकड्यांवर दोन बोटे ठेवायची. आकडे सारखे असले तर ते उत्तर म्हणून टिपून दोन्ही बोटे पुढे सरकवायची, वेगळे असले तर लहान आकड्यावरचे बोट पुढे न्यायचे. दोन्हींत आहे तो १. वाक्ये तीन असोत की तीन कोटी, रीत हीच. वाक्याच्या क्रमांकाबरोबर शब्दाची जागाही टिपून ठेवली, म्हणजे तो वाक्यात पहिला की पाचवा, तर दोन शब्द लागोपाठ आले आहेत का हेही कळते.

इतके सरळ दिसते खरे, पण मराठी आली की परीक्षा सुरू होते. वरच्याच उदाहरणात ‘चंद्रभागा’ शोधा. यंत्र फक्त तिसरे वाक्य देईल, कारण दुसऱ्यात ‘चंद्रभागेत’ आहे आणि यंत्राच्या लेखी तो वेगळा शब्द. म्हणून विभक्तीची टोके काढून मूळ शब्दाखाली सगळे गोळा करावे लागते. आता हाच नियम आंधळेपणाने संतवाङ्मयाला लावून पाहा. ‘नामें’, ‘नामाचें’, ‘नामीं’ हे सगळे ‘नाम’ या कप्प्यात गेले, छान झाले. पण त्याच ओघात ‘नामा’ही गेला तर? ती तर नामदेवरायांची मुद्रा! अभंगाच्या अखेरीस उभे असलेले संताचे नाव यंत्राने व्याकरणाचे टोक समजून छाटले. इथे कुणातरी जाणत्या माणसाने बाजूला बसून यंत्राचा हात धरावा लागतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. आयबीएममधलेच हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, शब्द मधोमध ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा मजकूर दाखवणाऱ्या यंत्रसूच्या केल्या. तेराव्या शतकातल्या तिसऱ्या सूचीचाच तो यांत्रिक अवतार. त्यांनीही वारंवार येणारे लहान शब्द गाळले. ही चाल पुढे रूढ झाली: शोध घेताना ‘आणि’, ‘हा’, ‘तो’, ‘न’ असले शब्द टाकून द्यायचे. मग १९७२ साली केंब्रिजच्या विदुषी कॅरन स्पार्क जोन्स यांनी याला गणिताची बैठक दिली. जो शब्द थोड्या ठिकाणी येतो तो शोधाला अधिक उपयोगी, आणि जो जितक्या जास्त ठिकाणी येतो त्याचे वजन तितके कमी. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रात तर, जो शब्द प्रत्येक कागदात आहे त्याचे वजन शून्य येते.

शोधाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. सगळीकडे असलेला शब्द कोणत्याच एका जागेकडे बोट दाखवीत नाही. पण माउली, हे माप गाथेला लावा. ‘म्हणे’ हा शब्द बहुतेक अभंगांत आहे, म्हणून तो हलका. गाळला की तुकोबांच्या मुद्रेचा अर्धा भाग गेला. ‘न’ आणि ‘नाही’ गाळले की नकाराचे वाक्य आणि होकाराचे वाक्य एकाच कप्प्यात जाऊन बसतात. आणि हरिपाठाला लावा. जे नाम घ्यावे म्हणून हरिपाठ सांगितला, तेच नाम सर्वाधिक वेळा आले म्हणून यंत्राच्या तराजूत सर्वांत हलके ठरते!

यात यंत्राची चूक नाही. यंत्राला विचारलेला प्रश्न होता, ‘हा शब्द मला इतरांपासून वेगळे असे काय दाखवतो?’ नामस्मरणाचा प्रश्न तो नाहीच. वारकरी एकच नाम दिवसातून हजारदा घेतो ते नवी माहिती मिळावी म्हणून नव्हे. श्वास प्रत्येक क्षणी येतो, म्हणून कुणी त्याला निरर्थक म्हणत नाही. शोधण्याचे माप वेगळे आणि जगण्याचे माप वेगळे, एवढे ध्यानात ठेवले तर सूचीचा उपयोग भरपूर आहे.

आणि तो उपयोग आज फार निकडीचा आहे. मोबाइलवर रोज सकाळी कुणी ना कुणी एखादी ओळ पाठवते, खाली तुकोबांचे नाव असते. पुष्कळदा ती ओळ गाथेत कुठेच नसते. पूर्वी ‘हे तुकोबांचे नव्हे’ असे ठामपणे सांगायला सगळी गाथा मुखोद्गत असलेला माणूस लागे. ‘आहे’ हे एका ठिकाणावरून सिद्ध होते, ‘नाही’ सांगायला सगळे धुंडाळावे लागते. उलटी सूची ते धुंडाळणे क्षणात करते. मात्र पाठभेद आणि शब्दांची जुनी रूपे लक्षात घेऊनच तिचा कौल मानावा. संतांच्या तोंडी नसलेले शब्द घातले जाऊ नयेत, ही काळजी नाथांनी हाताने घेतली. आपल्या हाती साधन अधिक आहे, मग आपण ती का घेऊ नये?

तेव्हा एक करून पाहा. माउलींचा हरिपाठ घ्या. २७-२८ अभंग, यंत्राशिवायही एका आठवड्यात होण्यासारखे काम. वहीत प्रत्येक शब्दाला एक ओळ द्या आणि तो ज्या ज्या अभंगात येतो त्याचा क्रमांक पुढे लिहीत जा. एकही शब्द गाळू नका, ‘न’सुद्धा नाही. चारपाच दिवसांत काही ओळी एकाच आकड्यावर थांबलेल्या दिसतील. हे शब्द माउलींनी एकदाच का वापरले, ते त्या अभंगापाशी थांबून पाहा. काही ओळी मात्र पानाच्या कडेपर्यंत जाऊन खाली उतरतील. ‘हरि’ या शब्दाची ओळ त्यांत असेल. तिथे आकडा लिहिताना दरवेळी तो शब्द एकदा उच्चारायला हरकत नाही. राम कृष्ण हरि!